अंगावर एक फोड नाही

आमच्या ह्यांच्या अंगावर त्या दिवशी भाजल्याची एकही खूण नव्हती. वणव्यातून आलेला माणूस, पण भुवईचा केससुद्धा करपलेला नाही. आणि नेमकं हेच त्यांच्या मुळावर आलं. हात भाजला असता, पाठीवर चार चट्टे उठले असते, तर ते दाखवून सांगता आलं असतं की हा माणूस असा का चालतो, असा का बोलतो. आतून भाजलेलं दाखवायचं कसं? लोकांनी आपापलं उत्तर काढलं आणि मोकळे झाले. ते म्हणाले, हा पितो.

मी असोद्याची. घरी केळी आणि कपाशी, आणि पोरींनी शिकून काय करायचंय असं म्हणणारा गोतावळा. त्यातून भांडून मी मास्तरीण झाले. हे धुळ्याकडचे, जंगल खात्यात वनरक्षक. लग्नानंतर रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आम्हाला दोघांना नेमणूक मिळाली. माझी शाळा गावात, त्यांच्या हद्दीतलं जंगल गावामागच्या डोंगरात. राहायला पत्र्याच्या दोन खोल्या. घरात ते अहिराणी बोलत. त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘शे’ असायचा, त्याला मी हसायची, आणि माझ्या ‘व माय’ला ते हसायचे. आमची पोरगी दोन्ही बोलायची आणि शाळेत तिसरीच भाषा शिकायची. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. आमचे सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं तर मी तेच सांगीन.

शिमगा जवळ आला की डोंगरात पानगळ साचायची. मोहाची फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कुणीतरी पेटवायचं, कुणाची बिडी पडायची, आणि वणवा लागायचा. तो विझवायचा म्हणजे बंब, पाणी, असलं काही नाही. हिरवी डहाळी तोडायची आणि आगीच्या कडेला झोडपत पुढे जायचं. नाहीतर पुढे जाऊन जमिनीचा एक पट्टा साफ करायचा, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. ह्यांच्या अंगात खाकी सुती सदरा, डोक्याला ओलं उपरणं, पायात चपला. बरोबर पाच-सहा वनमजूर. त्यांच्यातले एक तडवी भिल्ल होते, वयानं माझ्या वडिलांएवढे. त्यांना सगळे आबाच म्हणायचे.

आमच्याकडचं ऊन इतकं कोरडं की माणसाचा घाम दिसत नाही. तिथल्या तिथे वाळतो, आणि संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. ह्यांचे सदरे धुताना मी ते रोज बघायची. बघायची आणखीही काही. मनगटावर फोड, पिंडरीवर चट्टा, कधी कानाची पाळी भाजलेली. मी कोरफडीचा गर लावायची आणि तोंडाचा पट्टा सुरू ठेवायची. “सरकारला एवढं मोठं जंगल दिसतं, तुमचं कातडं नाही दिसत?” ते म्हणायचे, “जंगल सरकारनं शे, कातडं मनं शे.” कातडं माझं, सरकारचं नाही, हे उत्तर मला काही पटायचं नाही. ह्यांच्या अंगावर काहीतरी जाड, आग न लागणारं असावं, असं मला मनापासून वाटायचं. दुसऱ्या कुणाही बाईला वाटलं असतं तसंच.

आणि एका उन्हाळ्याच्या तोंडावर ते आलं. कुठल्याशा योजनेतून कचेरीत खोकं आलं, त्यात शहरातले बंबवाले घालतात तसला पोशाख. पिवळट रंगाचा जाड कोट, तशीच विजार, टोप, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट. कोटाला अस्तर, अस्तरात रबरासारखा एक थर, त्याच्या आत लोकरीसारखा आणखी एक. आमच्या भागासाठी एकच पोशाख होता. हे सगळ्यांत उंच, त्यांनाच तो बसला.

आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला, नवी मोटर आली, की आधी तिला कुंकू लागतं. कोट तरी त्यातून कसा सुटणार? कचेरीच्या अंगणात खुर्चीच्या पाठीवर तो चढवला, शेजारणीनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. मग ह्यांना घालायला लावला. आत शिरल्यावर त्यांनी दोन पावलं टाकली आणि म्हणाले, “हाऊ कोट शे का गोधडी?” सगळे हसले. मी म्हटलं, “लग्नात एवढा रुबाब केला असता तर माझ्या बहिणींनी नावं ठेवली नसती.” त्यांनी वरची बटणं सोडून वारा घ्यायला सुरुवात केली, तसा कचेरीतला मोठा साहेब पुढे आला. कोट घातला की सगळी बटणं बंद पाहिजेत, म्हणाला. एक जरी उघडं राहिलं तर ठिणगी आत जाईल. आणि कोटवाला माणूस सगळ्यांच्या पुढे.

त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आता आगीची काय बिशाद, असं मी शेजारणीला म्हणाले होते.

मे महिना होता. शाळेला सुट्टी होती आणि अंगणात बाजेवर मी ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे जाड पापड, वाळत घातले होते. दुपारी डोंगराच्या खांद्यावर धूर दिसला. हे जेवायला बसले होते, अर्ध्या ताटावरून उठले. जीप आली. कोट, विजार, बूट, सगळं चढवून ते मागे बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर हातमोज्यात तो धरता येईना. पोरीनं हसत तांब्या तोंडाला लावला आणि ते दोन घोट प्यायले. जीप गेली. मी बिबडे उलटवत बसले.

डोंगरावर काय झालं ते मला आबांनी सांगितलं, तेही फार पुढे. सांगताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

आधी आग विझवताना असं व्हायचं की झळ सोसेनाशी झाली की माणूस आपोआप मागे सरायचा आणि दुसरा पुढे यायचा. मागे सरलेला झाडाखाली टेकायचा, उपरणं भिजवून पुन्हा जायचा. आगच सांगायची, आता बस कर. त्या दिवशी ह्यांना झळ लागलीच नाही. कोटानं ती अडवली. बाकीचे आळीपाळीनं मागे येत होते आणि हे एकटे कडेला उभे राहून झोडपत होते. आबा म्हणाले, “आम्हाले वाटलं, कोट काम करू ऱ्हायला.” चढ होता, दगड होते, पायात ते अवजड बूट. मजुरांना कौतुक वाटत होतं. एकानं तर आरोळी दिली की आता भाऊ एकटाच डोंगर विझवतो.

आग आटोक्यात आली तेव्हा हे माघारी वळले आणि भलत्याच दिशेला चालू लागले. कुणीतरी हाक मारली तर म्हणाले, दार कोणी लावलं? कुठलं दार, जंगलात? सगळे हसले. मग त्यांचा तोल गेला. धरून सालईच्या झाडाखाली बसवलं. टोप काढला तर डोक्यातून पाण्याच्या धारा. कोटाच्या बाहीतून घाम टपटपत होता. एवढा घाम त्या माणसांनी जन्मात पाहिला नव्हता, आमच्याकडे घाम कधी ठिबकतच नाही. आणि वर हे थडथड कापत होते.

आता इथे जे झालं ते खानदेशातल्या कुठल्याही घरात झालं असतं. आम्हाला लहानपणापासून दोन गोष्टी पाठ असतात. घामाच्या अंगाला वारं लागू द्यायचं नाही, आणि तापलेल्या अंगात पाणी ओतायचं नाही. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गुळाचा खडा द्यायचा, जरा निवू द्यायचं, मग पाणी. माझ्या आईनं मला हेच सांगितलं, मी माझ्या पोरीला हेच सांगितलं. डोंगरावर त्या वेळी गरम वारा सुटला होता. हे बटणं ओढत होते, कोट काढा म्हणून खुणा करत होते, पाणी मागत होते. आबांनी त्यांचे दोन्ही हात प्रेमानं धरून ठेवले. “भाऊ, वारं लागीन. जरा दम धरा. आंग निवू द्या, मंग पानी प्या.” कापरं थांबेना म्हणून एकानं आपलं घोंगडं आणून कोटावरून पांघरलं. गुळाचा खडा तोंडात ठेवला. तो तसाच ओठातून बाहेर आला. मग ते बोलायचे थांबले आणि त्यांना झटके यायला लागले.

जीप साहेबाला घेऊन पुढच्या नाक्यावर गेली होती. केळीच्या ट्रॅक्टरवर घालून त्यांना रावेरला आणलं, तिथे डॉक्टर जागेवर नव्हते, म्हणून कोटासकट तसंच जळगावच्या सरकारी दवाखान्यात. मला निरोप मिळाला तेव्हा बाजेवरचे बिबडे तसेच होते. ते पुढे कुणी उचलले, मला माहीत नाही.

दवाखान्यात त्यांचा कोट काढला तेव्हा मी तिथे पोचले होते. गमबूट ओढला आणि त्यातून पाणी सांडलं. फरशीवर सांडलेलं ते पाणी म्हणजे माझ्या नवऱ्याचा घाम होता. डॉक्टरांनी सगळे कपडे काढायला लावले, ओल्या चादरी घातल्या, काखेत आणि मानेशी बर्फ ठेवला आणि टेबलफॅन आणून थेट अंगावर सोडला. मी नकळत पुढे होऊन पंख्याच्या बटणाला हात घातला. ओल्या अंगाला वारं! डॉक्टर खेकसले, “बाई, हात मागे घ्या. वारंच पाहिजे त्यांना.” त्या क्षणी मला डोंगरावरचं काहीच माहीत नव्हतं. पण पुढे आबांनी सगळं सांगितलं तेव्हा मला आधी तो पंखा आठवला. मी तिथे असते तर मीही घोंगडंच घातलं असतं.

ते जगले. देव तारी त्याला कोण मारी, असं जो तो येऊन सांगून गेला. ते शुद्धीवर आले तेव्हा मी विचारलं, “मला ओळखलंत का?” त्यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि शब्द असे बाहेर आले की जणू जीभ दुसऱ्याची आहे. पोरगी घाबरून माझ्या मागे लपली. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन समजावलं. कष्ट करणारं अंग स्वतःच तापतं, म्हणाले. घाम वाळतो तेव्हा ते थंड होतं. ह्यांचा घाम कोटाच्या आतच राहिला, वाळायला जागाच नव्हती. शहरातला बंबवाला जळत्या घरात जरा वेळ जातो आणि बाहेर येऊन कोट उतरवतो. त्याच्यासाठी तो कोट बरा. अख्खी दुपार डोंगर चढणाऱ्या माणसासाठी नाही. ताप मेंदूपर्यंत गेला आणि जिथून चालण्याबोलण्याचा तोल सांभाळला जातो तो भाग दुखावला. “सुधारेल का?” मी विचारलं. ते म्हणाले, थोडंफार. पुढं त्यांनी काही विचारू दिलं नाही.

मोठा साहेब भेटायला आला. त्यानं आधी कोट बघितला. उलटा केला, सुलटा केला, बाही हातात घेतली. “बघा, एक भोक नाही. कोट होता म्हणून माणूस वाचला.” मी मास्तरीण, जीभ माझी पहिल्यापासून तिखट. म्हटलं, “साहेब, कोट एवढा चांगला आहे तर घेऊन जा. उद्या दुपारी तुम्ही घाला आणि आमच्या शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या मारा.” तो कोट खाली ठेवून निघून गेला. पण मग कचेरीतून विचारणा आली की आगीत जखमी झाले तर भाजल्याची नोंद कुठे आहे? ऊन लागलं असेल. ऊन तर सगळ्या खानदेशाला लागतं.

दवाखान्यातून सुटल्यावर आम्ही काही दिवस जळगावातच, मेहरूणला माझ्या बहिणीकडे राहिलो. डॉक्टरांनी चालायचा सराव करायला सांगितलं होतं. सकाळी तलावाच्या काठानं मी त्यांना फिरवायची. पाय रुंद टाकत, एकदा इकडे एकदा तिकडे झुकत ते चालायचे. एका सकाळी समोरून दोन भले गृहस्थ आले. एक दुसऱ्याला म्हणाला, “सकाळी सकाळीच टाकून आलाय.” ह्यांनी ते ऐकलं. कान शाबूत होते, समज शाबूत होती, हेच तर दुःख होतं. ते थांबले आणि त्या माणसाला काही सांगायला गेले. घाईत बोलायला गेलं की जीभ जास्तच अडखळायची. तो गृहस्थ नाक मुरडून दोन पावलं मागे सरला.

सुपारीचं खांड न खाणारा माणूस हो! लग्नातसुद्धा कुणी आग्रह केला तर उठून जाणारा. गावात रोज रात्री गटारात लोळणारे होते, त्यांना कुणी काही म्हणायचं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

खात्यानं त्यांना जंगलातून काढून रोपवाटिकेत बसवलं. मातीच्या पिशव्या भरायच्या, बिया टोचायच्या. हात थरथरायचा आणि बी भलतीकडे पडायचं. जुन्या लोकांना सगळं माहीत होतं, ते सांभाळून घ्यायचे. पण साहेब बदलतात. एक नवा तरुण साहेब आला, त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्या मजुरांसमोर ह्यांचं तोंड हुंगलं. हे म्हणाले, “मी पेयेल नही शे, साहेब.” ते वाक्य इतकं लडबडत आलं की दोन नवे मजूर फिसकन हसले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हे मला सांगितलं नाही, आबांनी सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून निजले होते. त्या दिवसापासून त्यांनी लोकांत बोलणं टाकलं. एस. टी. नं कुठे जाणं टाकलं. रावेरच्या बाजारात मी एकटी जायला लागले.

आबा अधूनमधून यायचे. दारात बसायचे, चहा घ्यायचे, निघून जायचे. डोंगरावरचं सगळं त्यांनी ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी शेवटी म्हणाले, “बाई, हात मीच धरले व्हते. कोट काढू दिला नाही मी.” मला वाटलं आता आपल्याला राग येईल. मी वाट बघितली. आला नाही. रडूच आलं. हे कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी हळूहळू एकेक शब्द जुळवला. “आबा, तुम्ही मना बाप शेतस.” म्हातारा उपरण्यात तोंड घालून रडला. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

पोरगी मोठी झाली. नव्वदची वर्षं अर्धी उलटली होती. ती शिकली, रंगारूपानं बापावर गेली, आणि स्थळं यायला लागली. यायची आणि घरापर्यंत न पोचताच परतायची. वाटेत कुणीतरी सांगायचं, मुलगी चांगली आहे हो, पण बाप पितो. एका नात्यातल्या बाईनं तर मला सल्ला दिला की बघण्याच्या दिवशी ह्यांना गावाला पाठवून दे. मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

ह्यांच्या कानावर ते गेलं होतं. पुढचं स्थळ धुळ्याचं आलं, चांगलं घर. त्या दिवशी सकाळीच ह्यांनी दाढी करून घेतली, इस्त्रीचा सदरा घातला, आणि मला म्हणाले, मला आत्ताच खुर्चीवर बसव. पाहुणे दुपारी येणार होते. मी म्हटलं, “आत्तापासून?” तर म्हणाले, “त्या येवाना आगोदर बठी जास. त्या जातीन तवय उठसू.” पाहुणे यायच्या आधी बसायचं, ते गेल्यावरच उठायचं. म्हणजे त्यांचं चालणं कुणाला दिसणार नाही. आणि बोलायचं अजिबात नाही. थरथरणारा उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला.

पत्र्याचं घर, उन्हाळा. मी पंखा त्यांच्याकडे वळवला, त्यांनी पाहुण्यांकडे वळवायला लावला. पाहुणे आले. मुलाचे वडील आत येताच नमस्कार करून उभेच राहिले, मुलीचा बाप उठून पुढे येईल म्हणून. हे बसल्या जागी नुसते हसले आणि मान लववली. पोरीनं पोहे दिले. मुलाच्या वडिलांनी ह्यांना शेतीवाडीचं विचारलं, नोकरीचं विचारलं. ह्यांनी हसून माझ्याकडे बघितलं आणि मी उत्तरं दिली. मी सांगणार होते, खरंच सांगणार होते की वणव्यात असं असं झालं. पण ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला शब्द गिळावे लागले. इतकी वर्षं सांगून कुणाला पटलं होतं? घामानं त्यांचा सदरा छातीशी चिकटला होता, तरी ते हलले नाहीत. पाहुणे निघाले. आमच्याकडे बाप पाहुण्याला वाटेपर्यंत पोचवायला जातो. हे खुर्चीतच राहिले, मी आणि त्या दिवसासाठी आलेला माझा भाऊ पोचवून आलो.

आठवड्यानं मध्यस्थ आला. निरोप नकाराचा होता. मुलगी पसंत आहे, आईही हुशार आहे, पण बाप फार माजोरी. दारी आलेल्या माणसाला उठून नमस्कारसुद्धा करत नाही, तोंडातून शब्द काढत नाही. असल्या घमेंडखोर घरात सोयरीक नको, म्हणाले.

मध्यस्थ गेला. पोरगी आत जाऊन भांडी आपटत राहिली. ह्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना. मग माझ्या मागे खुर्ची करकरली आणि त्यांनी विचारलं, एकेक शब्द नीट लावून, “माजोरी म्हनात? दारुड्या नही म्हनात ना?”

मी म्हटलं, “नाही हो. दारुड्या नाही म्हणाले.”

ते हसले. किती वर्षांनी त्यांना तसं मनापासून हसताना मी पाहत होते. त्यांनी पोरीला हाक मारली, आणि ती बाहेर आल्यावर तिलाही तेच सांगितलं.